दहा मिनिटं थांबा, येईल

तो पहिल्यांदा आमच्या घरात आला तेव्हा मी खिडकीशी उभी नव्हते, हातात पुस्तक नव्हतं आणि केसही धड विंचरलेले नव्हते. मी स्टुलावर चढून टीव्हीच्या डोक्यावर चापट्या मारत होते.

२००६चा जुलै. बाहेर पाऊस नुसता ओतत होता आणि निळ्या पडद्यावर, सिग्नल मिळत नाही, एवढी एकच ओळ. आईची मालिका ऐन रंगात आली असताना गेली होती. आमच्याकडे ही साधी गोष्ट नव्हती. देवासच्या केबलवाल्याकडे सगळ्या जगाचे चॅनल होते, फक्त मराठी नव्हता. म्हणून बाबांनी कारखान्यातून निवृत्त झाल्या झाल्या गच्चीवर डिश बसवून घेतली. तीस वर्षं हिंदी बोलून जीभ दमली, असं आई म्हणायची. संध्याकाळी सात ते साडेसात ती माहेरी असायची आणि त्या वेळी तिला कुणी हाक मारायची नाही, असा घरात नियम होता.

"नीरू, पोर्चमध्ये कुणीतरी उभंय बघ," आई म्हणाली आणि मी स्टुलावरून उतरायच्या आत स्वतःच दार उघडून बाहेर गेली.

पावसाला चुकवून एक मुलगा आमच्या पोर्चमध्ये मोटरसायकल घेऊन उभा होता. मागच्या कॅरिअरला एक नवी कोरी डिश दोरीनं बांधलेली. आईला देव भेटल्यासारखं झालं.

"भैया, डिशवाले हो क्या? अंदर आओ, हमारा देखो."

"आंटी, मैं तो बस बारिश रुकने तक…" तो बोलता बोलता थांबला. दारावरची पाटी त्यानं वाचली. शरदचंद्र पानसे. "आपण मराठी का? मग मी मराठीतच सांगतो. आपली डिश मी बसवलेली नाही, काकू. मी पावसासाठी थांबलोय."

"मराठी येतं? कुठले तुम्ही?"

"धारचे. इथे कामासाठी राहतो. मोहिते. रणवीर मोहिते."

त्यानं बूट बाहेर काढले, पाय पायपुसण्यावर नीट पुसले आणि आत येऊन माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून टीव्हीवरच होता.

"त्याला मारून उपयोग नाही," तो म्हणाला. "त्याची चूक नाही."

"मग कुणाची?"

"ढगांची. ढग फार जाड झाले की वरून येणारी लहर पाण्यातच विरून जाते. डिश ठीक, वायर ठीक, टीव्ही ठीक. दहा मिनिटं थांबावं. येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर मी आहेच. पाऊस थांबेपर्यंत मला तरी कुठं जायचंय?"

आठव्या मिनिटाला चित्र आलं. आईनं त्याचं सगळं श्रेय त्याला देऊन चहा टाकला. जाताना त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपला नंबर लिहिला, आणि लिहून झाल्यावर मला म्हणाला, "पण पावसात गेला तर बोलावू नका. काही करावं लागत नाही, आपोआप येतो."

चार दिवसांनी पावसात गेला. मी बोलावलं.

* * *

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, एका शाळेत गणित शिकवत होते आणि स्वतःला फार धीट समजत होते. वर्गात पन्नास पोरांसमोर माझा आवाज कधी कापला नाही. हे सांगून ठेवते, कारण पुढं उपयोगी पडेल.

आमचं फोनवरचं बोलणं त्या पावसाळ्यात ठरून गेलं होतं.

"पानसे बोलतेय. गेला."

"कोण गेला?"

"सिग्नल."

"पाऊस आहे?"

"आहे."

"मग दहा मिनिटं थांबा, येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर मी येतो."

सिग्नल नेहमीच यायचा. तोही यायचा. ओलाचिंब होऊन, रेनकोटच्या टोपीतून पाणी निथळत. दारात उभा राहून आधी टीव्हीकडे पाहायचा, तिथे आईची मालिका मजेत चाललेली असायची, मग माझ्याकडे पाहायचा. "आला वाटतं," म्हणायचा. "आत्ताच आला," मी म्हणायचे. आई म्हणायची, "बिचारा एवढ्या पावसात आला, चहा तरी घेऊ दे." चहाबरोबर शेवेची बशी यायची, आणि मग मालिका संपेपर्यंत आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी हळू आवाजात बोलत बसायचो. मोठ्यानं बोललं की आईचा हात वर जायचा.

त्याचं मराठी ऐकायला मला गंमत वाटे. "बसावं," "घ्यावं," "आपल्या वडलांची तब्येत कशी?" असं तो सहज बोलायचा, आणि मधूनच "वो क्या है ना" असं म्हणून सरळ हिंदीत उतरायचा.

"तुम्ही नाटकात काम करता का?" मी एकदा विचारलं.

"घरी असंच बोलतात. पणजोबा धारच्या दरबारात होते. दरबार गेला, भाषा राहिली." तो हसला. "आईसाहेबांना अजून वाटतं की मी कुठल्या तरी मोठ्या खात्यात आहे. मी लोकांच्या गच्च्यांवर चढतो, हे त्यांना पटत नाही."

"आईला आईसाहेब म्हणता?"

"मग काय म्हणू? हंबीररावांच्या पत्नी आहेत त्या. हंबीरराव म्हणजे वडील. ते गेले तेव्हापासून घरात त्यांचाच शब्द चालतो."

मराठी बोलत असला तरी वाचताना तो अडखळायचा, आणि मीही. दोघांचीही शाळा हिंदी. मालिकेच्या शेवटी पडद्यावर नावांची यादी भरभर सरकायची आणि कोण जास्त नावं वाचतो यावर आमची पैज लागायची. मी जिंकायचे. नंतर कळलं की तो मुद्दाम हरत होता… कारण हरला की दुसऱ्या दिवशी पैज फेडायच्या निमित्तानं, बाजारातून आणलेलं काहीतरी देऊन जायचा. कधी भाजलेलं कणीस, कधी जांभळं. एकदा धरमपुरीच्या काकांकडून आलेले पेरू.

प्रेम कधी झालं, ते मला विचाराल तर कणसाच्या दिवशी. त्यानं कणीस मोडून मोठा तुकडा माझ्या हातात दिला आणि स्वतःला उरलेला लहान तुकडा असा खाल्ला की जसं काही तोच मोठा होता. एवढ्यानं कुणी कुणाच्या प्रेमात पडतं का, असं मैत्रिणी म्हणतील. मी पडले.

* * *

सप्टेंबरच्या शेवटी एकदा पावसाबरोबर वारा आला, डिश खरोखरच फिरली, आणि पहिल्यांदाच त्याला आमच्याकडे खरं काम निघालं. मी त्याच्यामागे गच्चीवर गेले. पाऊस नुकता ओसरला होता. टेकडीवरच्या देवळाचा रंग धुऊन निघाल्यासारखा लख्ख दिसत होता, टाकीवरून पाणी ठिबकत होतं.

त्यानं डिश हळूहळू फिरवली, आई खालून "आलं, गेलं, आलं" असं ओरडत राहिली. मग बोल्ट आवळून त्यानं खिशातून काळा मार्कर काढला आणि खांबापासून पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"ही कशाला?"

"मी बसवतो त्या प्रत्येक डिशला काढतो. पुन्हा हलली तर ही रेघ जुळवायची. कुणालाही जमतं. मेकॅनिक लागत नाही."

"स्वतःच्याच पोटावर पाय."

"काय करणार, खोटं काम जमत नाही."

मी टाकीला टेकून उभी राहिले. मनात आठ दिवस घोळत होतं ते विचारलं. "पावसाळा संपला की?"

"की सिग्नल जाणार नाही."

"मग तुम्हीही येणार नाही."

तो मार्करचं टोपण लावत राहिला. लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "नीरजा," तो म्हणाला. त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली होती. "एक दिवस मी ऊन असताना येईन. न बोलावता. त्या दिवशी मी तुमच्या बाबांशी बोलायला आलेला असेन."

माझ्या कानशिलांपर्यंत काहीतरी गरम चढत गेलं.

"आणि मी काय करायचं?" मी विचारलं.

"फार नाही. वो क्या है ना, मी असा बिनकामाचा दारात उभा राहीन तेव्हा कुणीतरी विचारणारच, हा का आलाय. तेव्हा तुम्ही फक्त म्हणायचं, मला माहीत आहे. बाकी सगळं मी बोलेन." त्यानं वर पाहिलं. "म्हणाल?"

"म्हणेन."

"नक्की?"

"पन्नास पोरांसमोर गणित सांगते मी. तीन शब्द नाही म्हणता येणार?"

* * *

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. आकाश रोज निळंशार, आईची मालिका रोज अखंड. मी रोज संध्याकाळी फाटकाचा आवाज ऐकत बसायचे.

त्याच सुमारास आत्यानं पुण्याचं एक स्थळ सुचवलं. सार्थक नावाचा मुलगा, इंदूरला नातेवाइकांकडे येणार होता, तर रविवारी देवासला येऊन मुलगी पाहून जातील. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं की का, हा प्रश्न येणार, आणि का याचं उत्तर रणवीर येऊन देणार होता. मग मी कशाला आधी बोलू? नुसतं पाहून जातील, त्यानं काय होतंय… अशी मी स्वतःची समजूत घातली. रणवीरलाही काही कळवलं नाही. आपल्याला भित्रं म्हणवून घ्यायचं नसलं की माणूस त्याला दुसरी बरीच नावं शोधतो.

रविवारी अकरा वाजता सार्थक, त्याची आई आणि वडील आले. स्वच्छ ऊन पडलं होतं. आईनं गराडूच्या कंदाचे काप तळले होते, मी निळी साडी नेसून बश्या मांडत होते. टीव्ही बंद होता, त्यावर आईनं भरतकामाचा रुमाल घातला होता.

फाटक वाजलं.

रणवीर दारात उभा होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात जाड कापडी पिशवी. बूट काढून तो आत आला आणि पाहुण्यांना पाहून जागीच थबकला.

"अगोबाई, रणवीर, तुम्ही?" आई म्हणाली. "आज तर छान ऊन आहे."

सार्थकच्या आईनं माझ्याकडे पाहून विचारलं, "हे कोण? काही काम होतं का यांचं?"

प्रश्न आला होता. अगदी त्यानं सांगितला होता तसाच. खोलीतल्या सगळ्यांचे डोळे माझ्याकडे होते आणि रणवीरही माझ्याकडे पाहत होता, थोडासा हसत, धीर देत. तीन शब्द. मी तोंड उघडलं.

"मीच बोलावलं होतं," मी म्हणाले. "टीव्ही… सकाळपासून सिग्नल नाहीये."

मी का म्हणाले, ते आजही मला नीट सांगता येत नाही. त्याचा अपमान होऊ नये असं वाटलं. पाहुणे जाईपर्यंत वेळ काढावा असं वाटलं. खरं म्हणजे मी घाबरले. दुसरं काही नाही.

त्याचं हसू लगेच गेलं नाही. ते हळूहळू गेलं. मग तो अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हो. कंप्लेंट आली होती." आणि बाबांकडे वळून, "काका, दहा-अकराचा पाना मिळेल का? माझा राहिला."

बाबा काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले. मग उठून आतून पाना घेऊन आले.

तो पिशवी घेऊनच जिना चढला. मी बशी धरून उभी होते. वर जावं, दोन पायऱ्या तरी चढाव्यात, असं पायांना वाटत होतं, पण सार्थकची आई मला विचारत होती की मला पुण्याची हवा मानवेल का.

"काका, टीव्ही लावा," वरून आवाज आला.

बाबांनी रुमाल बाजूला करून टीव्ही लावला. पडद्यावर सिग्नल नव्हता. बाहेर एवढं ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि पडदा निळा. त्यानं वर जाऊन चांगली भली लागलेली डिश सोडवली होती. माझं खोटं त्यानं खरं करून दिलं होतं, पाहुण्यांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून.

मग चित्र आलं.

"चांगला कारागीर दिसतो पोरगा," सार्थकचे वडील म्हणाले.

तो खाली आला, पाना पुसून बाबांच्या हातात दिला. "रेघेवर जुळवलीय. आता बोलवायची गरज पडणार नाही," असं बाबांना म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही. बूट घालायला वाकला तेव्हा पिशवी जमिनीवर कलली आणि तिच्या तोंडातून नारळाची शेंडी दिसली. शेजारी कागदात बांधलेली खडीसाखर. रीतीप्रमाणे मागणी घालायला जाताना नेतात तसं सगळं तो एकटाच घेऊन आला होता.

फाटक त्यानं नेहमीसारखंच जपून लावलं.

* * *

सोमवारी सकाळी मी आई-बाबांना सगळं सांगितलं. पोर्चपासून नारळापर्यंत. आई ऐकता ऐकता खुर्चीत बसली. बाबांनी चष्मा काढला.

"काल सकाळी मी याच टीव्हीवर बातम्या पाहिल्या होत्या, नीरू," ते म्हणाले. "तू खोटं बोलतेयस ते मला कळलं. का बोलतेयस ते कळलं नाही. मला वाटलं, तुलाच तो नकोय, म्हणून वाटेला लावतेयस."

"तुम्ही रागावला असतात."

"एक दिवस रागावलो असतो. दुसऱ्या दिवशी धारला गेलो असतो चौकशीला." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "अगं, काल एक शब्द बोलली असतीस तर मी त्याला पान्याऐवजी खुर्ची दिली असती."

मी ज्याला घाबरले ते घरात कधी नव्हतंच. हे कळलं तेव्हा मी जी रडले, तशी नंतर कधी रडले नाही.

पुण्याला बाबांनी नकार कळवला. रणवीरचा फोन दिवसभर बंद होता. मंगळवारी दुपारी लागला.

"पानसे बोलतेय," मी म्हणाले.

"बोला."

"रविवारी मी म्हणाले ते उत्तर नव्हतं. मी घाबरले होते. घरी सगळं सांगितलंय. बाबा हो म्हणतायत, रणवीर. तुम्ही या. पाऊस नसला तरी या."

पलीकडे कुठंतरी भांडी वाजत होती, बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"घरी पाहुणे आहेत," तो म्हणाला. "आईसाहेबांनी बाग गावातल्या एका घरी शब्द द्यायचं ठरवलं होतं. वैभवी नाव तिचं. मी रविवारपर्यंत मुदत मागितली होती. नारळ घेऊन जातो, तिकडून होकार आणला तर माझं ऐका, नाहीतर तुमचं ऐकेन, असं म्हणालो होतो. रविवारी परत आलो, आणि… काल सुपारी फुटली."

"मुदत होती तर मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घाईनं हो म्हणाला असता. मला घाईतलं हो नको होतं."

"सुपारी मोडता येते," मी म्हणाले. माझी मलाच लाज वाटली, पण म्हणाले.

"येते. पण मग तिला कुणीतरी विचारेल, हा का गेला. तिनं काय सांगायचं, नीरजा? तिला तर काहीच माहीत नाही."

त्यानं असं विचारलं नसतं तर तो मला इतका आवडलाही नसता, आणि तेच फार दुखत होतं.

"तुम्ही वर यायला हवं होतं," तो हळूच म्हणाला. "मी डिश खोलून बसलो होतो. वाटलं, जिन्यावर पाऊल वाजेल. बराच वेळ थांबलो."

"मला यायचं होतं."

"आता कळलं."

पुन्हा भांडी वाजली. कुणीतरी त्याला हाक मारली.

"पुढच्या पावसाळ्यात सिग्नल गेला तर?" मी विचारलं. फोन ठेवायचा नव्हता म्हणून विचारलं.

"दहा मिनिटं थांबा," तो म्हणाला. "येईल आपोआप. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

* * *

पुढच्या वर्षी जुलैत एका संध्याकाळी ढग असे दाटले की सातलाच दिवे लावावे लागले. आईची मालिका सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. पडदा निळा झाला.

आईनं सवयीनं कॅलेंडरकडे पाहिलं. नवं कॅलेंडर होतं, त्यावर कुणाचा नंबर नव्हता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"थांब दहा मिनिटं," मी म्हणाले. "येईल."

आम्ही दोघी निळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. बाबा आतून आले आणि तेही बसले. पोर्चच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

आठव्या मिनिटाला चित्र आलं. आईनं आवाज वाढवला. मी मात्र उरलेली दोन मिनिटंही फाटकाकडे पाहत बसले.